चादरीवरचा शनिवार

शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास इस्त्रीवाले दादा आमचा जिना चढून वर येतात. खांद्यावर बांबू आणि बांबूला गुंडाळलेलं पांढरं कापड. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस वारीला निघालाय आणि पताका अजून उलगडायची आहे. कापड इचलकरंजीचं, मोठ्या पन्ह्याचं, चारी कडा दुमडून शिवलेलं. आम्ही त्याला चादर म्हणतो, कारण पहिले दोन महिने ती खरोखरच चादर होती, माझ्या कपाटातली. तिची घडी नेमकी मधोमध यायची आणि पडद्यावर येईल त्याचा चेहरा नाकापाशी चिरला जायचा. विष्णुपंत पागनीस असोत की नीलू फुले, सुटका कुणाचीच नाही. शेवटी दादाच म्हणाले, "वहिनी, घडीच घालायची न्हाई. गुंडाळून आणतो की." तेव्हापासून बांबू.

हे सगळं २०२१ च्या पावसाळ्यात सुरू झालं. पंचगंगेचं पाणी नुकतंच उतरलं होतं. घरून काम करायला म्हणून भाचा वर्षभर आमच्याकडं राहिला होता, त्याला कंपनीनं बंगळूरला परत बोलावलं. जाताना त्याचा प्रोजेक्टर माडीवर राहिला. "मावशी, वापर. पडून राहिला तर खराब होतो," एवढंच सांगून गेला. कोरोनामुळं दीड वर्ष गल्लीतली माणसं एकमेकांकडं खिडकीतून बघत होती. कुणीतरी म्हटलं, एक दिवस सगळे बसू. बसलो, आणि मग उठायचं राहून गेलं.

येणारी माणसं दहा-बारा. काटेकाका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ३१ वर्षं होते. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, भाऊसाहेब न्यायालयाच्या कचेरीतून. आक्कांच्या पाच म्हशी आहेत. त्यांचा मुलगा रोज त्यातल्या दोन घेऊन दूधकट्ट्यावर उभा असतो आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून ग्लास हातात देतो. कोल्हापुरात याचं कुणाला नवल नाही, पुण्याच्या पाहुण्यांना मात्र ते दाखवायला न्यावं लागतं. सायकलमामांचं दुकान कोपऱ्यावर. कॉलेजात जाणाऱ्या दोघी आहेत, त्यांतली एक इंग्रजी सबटायटलं वाचून दबक्या आवाजात मराठीत सांगते. आम्ही तिला संजय म्हणतो. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारी माणसं असत. तेव्हा तिचं पद काही नवीन नव्हे. आणि मी, बँकेत २८ वर्षं कॅश मोजून आता घरी बसलेली.

नियम दोनच. फोन दारातल्या परातीत ठेवायचे, आणि सिनेमा संपल्यावर 'आवडला' किंवा 'नाही आवडला' एवढंच बोलून निसटायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. हा दुसरा नियम मी केला, तेव्हा मला वाटलं होतं, लोक कथा, अभिनय, संगीत यांवर बोलतील. तसं कुणी बोललं नाही.

पहिला सिनेमा 'संत तुकाराम', १९३६ चा, प्रभातचा. तो निवडण्यात थोडी गावाची ऐट होती. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच, कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, ही हळहळ आमच्याकडं वडिलोपार्जित आहे. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघे दिग्दर्शक आमच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. मुंबईत हा चित्रपट वर्षभराहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सगळं मी आधी उभी राहून सांगितलं. माणसं मान हलवत भडंग खात होती.

सिनेमा संपला. मी पागनीसांच्या चेहऱ्यावरच्या त्या निर्मळपणाबद्दल काहीतरी बोलणार होते. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट, त्याच्या तुकारामात एक मार्दव आहे, वगैरे. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "त्या बाईनं म्हसरं राखल्यात."

कोणत्या बाईनं?

"आवलीनं. तिचा हात बघा म्हशीवर कसा पडतोय. नट्या म्हशीला हात लावतात तेव्हा बोटं लावतात. हिनं तळवा लावला."

मी दुसऱ्या दिवशी एकटीनं तो भाग पुन्हा लावून पाहिला. आक्कांचं बरोबर होतं. तुकारामाच्या बायकोचं, आवलीचं काम करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये साधी अंगमेहनतीची कामं करत पुढं आलेल्या. अभिनयाची शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती. सिनेमाचे अभ्यासक आवलीबद्दल पुष्कळ लिहितात: तुकारामाची भक्ती आकाशात आणि आवलीची जमिनीवर, ती देवाला जाब विचारते, पोरांच्या पोटाचं बघते. सगळं खरं. पण ते सगळं ज्या एका तळव्यावर उभं आहे तो मला आक्कांनी दाखवला. जाता जाता एक गंमत. या चित्रपटातलं बीज आणि वृक्षाचं जे पद घरोघरी तुकोबांचा अभंग म्हणून गायलं जातं, ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे. हे सांगितल्यावर काटेकाका बराच वेळ माझ्याकडं संशयानं बघत होते. त्यांच्या आईनं ते पद रोज म्हटलं होतं.

तर आक्कांच्या त्या वाक्यापासून आमच्या शनिवारला वळण लागलं. प्रत्येकजण आपापला हात घेऊन सिनेमा बघू लागला.

सायकलमामा पहिले तीन-चार आठवडे येऊन झोपायचे. घोरायचे नाहीत, म्हणून कुणी उठवायचं नाही. मग विट्टोरियो दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' लावला, १९४८ चा. युद्धानंतरचं रोम. बेकार माणसाला भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण सायकल हवी, आणि सायकल गहाण पडलेली. तेव्हा बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि गहाण टाकायला नेते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन फडताळं चढत जातो, आणि कॅमेरा वर जातो तशी दिसत राहतात अशीच गाठोडी, छतापर्यंत. अख्ख्या शहरानं आपल्या चादरी सोडवायच्या ठेवलेल्या. आम्ही हे चादरीवर बघत होतो. कुणीच काही बोललं नाही. सिस्टरांनी फक्त खाली लोंबणारं टोक नीट केलं.

मामा त्या दिवशी झोपले नाहीत. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक मित्रांना घेऊन बाजारात शोधायला निघतात. तिथं ते वाटणी करतात. एकानं टायर बघायचे, एकानं सांगाडा, लहान्यानं घंटी आणि पंप. मामा खुर्चीतून अर्धे उठले. "व्हय! असंच! चोरलेली सायकल तासाभरात सुटी होती. चिमटा एकीकडं, रिम एकीकडं. अख्खी सायकल शोधणारा येडा." एक माणूस सांगाड्याला रंग मारत बसलेला दिसतो आणि हे त्याच्याकडं नंबर दाखवायचा हट्ट धरतात, तेव्हा तर मामांनी काटेकाकांच्या मांडीवर थाप मारली. पण त्यांना सगळ्यात आवडलेली जागा त्याच्या कितीतरी आधीची आहे, मी कधी लक्षही न दिलेली. सोडवून आणलेली सायकल पोरगा सकाळी पुसत असतो आणि बापाला सांगतो, गहाणवटीच्या दुकानात हिला पोचा आणलाय, तुम्ही तिथंच बोलायला हवं होतं. मामा म्हणाले, "ते पोरगं मेकॅनिक हाय. बापाला सायकल पाहिजे, पोराला सायकल दिसतीय."

बापाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी खरोखरच कारखान्यातला कामगार होता आणि सिनेमा गाजल्यावर त्याची कारखान्यातली नोकरी गेली. हे मी सांगितलं तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला, "पिच्चरवाल्यांनी सायकल तरी दिली का त्याला?"

कोल्हापुराबद्दल इथं थोडं सांगून घेते, नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल की आम्ही प्रोजेक्टर आल्यावर सिनेमावाले झालो. बाबूराव पेंटर हे आडनावानं मिस्त्री. 'पेंटर' हे नाव हातातल्या कामावरून चिकटलेलं. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदे रंगवता रंगवता पडद्यावर चित्र हलवायचा नाद लागला आणि स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवण्यापर्यंत गेला. १९२० मध्ये त्यांची 'सैरंध्री' आली, १९२५ मध्ये 'सावकारी पाश', ज्यात तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. म्हणजे या गावाच्या सिनेमाची सुरुवातच मुळी रंगाच्या डब्यातून आणि सुताराच्या अवजारांतून झाली. आमच्या माडीवरची मंडळी हात बघतात याचं मला पुढं आश्चर्य वाटेनासं झालं, ते यामुळं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, आठ तारखेच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं, १९१५ सालचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गुरुवारी आग आणि परवा आमचा शनिवार. दादा नेहमीप्रमाणे चादर घेऊन आले. आम्ही ती लावली, प्रोजेक्टर सुरूच केला नाही. तासभर सगळे त्या पांढऱ्या कापडासमोर बसून त्या थिएटरात कोण काय बघितलं ते सांगत होते. भाऊसाहेबांनी तिथल्या खुर्च्यांचा आवाजसुद्धा सांगितला. माझ्या लेखी तोही एक शनिवार मोजलेला आहे.

'सामना' लावायला मी घाबरत होते. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, तेंडुलकरांची पटकथा, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि त्याच्या दारात येऊन पडलेला दारुडा मास्तर. गायब झालेल्या मारुती कांबळेबद्दलचा मास्तरचा तो प्रश्न आज राजकारणात नसलेल्या माणसालाही पाठ आहे. प्रश्न असा की काटेकाकांची सगळी हयात अशाच एका कारखान्यात गेलेली. गावात कारखान्याबद्दल बोलायचं म्हणजे कुणाच्या तरी भावाबद्दल बोलायचं.

एक गोष्ट आधी सांगितली, हातांबद्दल बोलायची सवय लागली होती म्हणून. या सिनेमातली समोरासमोरची दोन माणसं बघा. नीलू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. आणि दोघांना समोरासमोर बसवणारा दिग्दर्शक दौंडचा बालरोगतज्ज्ञ. माळी इथं साखरसम्राट झालाय आणि सर्जन रस्त्यावरचा दारुडा. हिंदुरावचा थाट बघताना मला दर वेळी वाटतं, फुल्यांनी तो पाटलांकडून उचललाच असेल. पण ज्याच्या बागेत आपण पाणी घालतो त्या माणसाला खालून बघायची जी नजर असते, ती त्यात मिसळलेली आहे. हिंदुराव कुणाकडं पूर्ण मान वळवून बघत नाही. डोळे वळवतो, मान नाही. मालक माळ्याकडं तसाच बघतो.

काटेकाका शेवटपर्यंत गप्प होते. चहा झाला, भडंग संपलं. मग म्हणाले, "काटा दाखवलाच नाही."

खरंच, त्यात काटा नाही. म्हणजे हिंदुरावचं साम्राज्य आहे, बंगला आहे, पुढं-पुढं करणारी माणसं आहेत, पण ज्या एका चौथऱ्यावर शेतकऱ्याचं वर्ष मोजलं जातं तो चौथरा नाही. काका सांगू लागले. हंगामात रात्रभर गाड्यांची रांग. बैल बसल्या जागी झोपलेले, ऊस वाळत चाललेला. भरलेल्या गाडीचं वजन, मग गव्हाणीत ऊस टाकून आलेल्या रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती. "काट्यावरच्या माणसाच्या हातात काय नसतंय. काटा वरून सांगतील तसा असतोय. पण पावती मी देतो ना? मग शिवी मला." एकतीस हंगामांत एकाही शेतकऱ्यानं त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यांचा स्वतःचा ऊसही त्याच कारखान्यात जायचा. त्या दिवशी ते रजा टाकायचे. भावाच्या गाडीचं वजन आपण केलं असं कुणी म्हणायला नको.

मला तोवर 'सामना' हा हिंदुराव आणि मास्तर या दोघांचा सिनेमा वाटायचा. आता मी तो लावला की मागं ग्लास ठेवून निघून जाणारी, दार उघडणारी, 'जी' म्हणणारी माणसं बघते. मारुती कांबळेचं काय झालं ते त्यांना सगळ्यांना ठाऊक असणार, एवढं मात्र काकांच्या त्या रजेमुळं माझ्या लक्षात आलं.

'अशी ही बनवाबनवी' बद्दल काय सांगायचं? १९८८ पासून महाराष्ट्राला तो पाठ आहे. माडीवर त्या रात्री २३ माणसं होती आणि एकानंही सिनेमा ऐकला नाही, कारण प्रत्येक वाक्य सगळे दोन सेकंद आधी म्हणत होते. मी एकच गोष्ट टिपली, माझ्या धंद्यातली. अशोक सराफ नट म्हणून नाव होण्याआधी स्टेट बँकेत नोकरीला होते. त्यांच्या हातात नोटा आल्या की त्या नोटांसारख्या दिसतात. बाकी आपल्या सिनेमातली माणसं पैसे मोजतच नाहीत हो, नुसते सरकवतात! लाखाची बॅग उघडून एक नजर टाकायची आणि 'पूरे हैं'. मी २८ वर्षांत असं केलं असतं तर महिन्याच्या महिन्याला खिशातून भरले असते.

ओझूच्या 'टोकियो स्टोरी'नं आमच्यात फूट पाडली. १९५३ चा जपानी चित्रपट. म्हातारा-म्हातारी लांबच्या गावाहून मुलांना भेटायला टोकियोला येतात, मुलांना वेळ नाही, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा सून तेवढी माया करते. संपूर्ण चित्रपटात फारसा कुणी आवाज चढवत नाही. अर्ध्या तासात खुर्च्यांवरचे लोक कंटाळले, सतरंजीवरचे मात्र गुंगून बसले. मला आधी हा योगायोग वाटला. मग लक्षात आलं, ओझूचा कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत ठेवलेला असतो, चटईवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सतरंजीवर बसलेल्यांना ती माणसं समोर बसलेली दिसत होती. खुर्चीवरच्यांना ती पडद्यावर दिसत होती. पुढच्या शनिवारी मी खुर्च्या कमी केल्या, तर सिस्टरांनी गुडघे दाखवले. पुन्हा आणल्या.

भांडण झालं ते मुलीवरून. आई गेल्यावर जेवणाच्या पानावरच ती मुलगी आईचा अमुक कमरपट्टा आणि तमुक किमोनो मला हवा म्हणून सांगते. जपानी सिनेमावरची बरीच पुस्तकं या जागेला मुलीच्या कोरडेपणाचा पुरावा मानतात. संजयनं ते वाक्य भाषांतर करून सांगितलं, आणि ती स्वतःच "ई, किती वाईट" म्हणाली. आक्का उसळल्या. "त्यात वाईट काय? माझ्या आईच्या तेराव्याला मी तिचं जुनं इरकल मागून घेतलं. भावजयांनी बोहारणीला दिलं असतं. ती केस कापायचं दुकान चालवती, रडत बसायला तिला वेळ कुठाय? पण लुगडं मागितलं तिनं. आठवण पाहिजे म्हणूनच मागितलं की." यावर सिस्टर म्हणाल्या, मागितलं ते ठीक, पण घास गिळून झाल्यावर मागायचं. पाऊण तास हे चाललं. ओझूला यातली कोणती बाजू मान्य होती ते सांगता येत नाही. तो त्या मुलीवर कॅमेरा धरून गप्प बसतो, तेवढंच. मी आक्कांच्या बाजूची आहे.

घरी गेल्यावर आक्कांनी ते इरकल काढून उन्हात घातलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर दिसलं.

'श्वास'च्या वेळी सिस्टर आधीच म्हणाल्या होत्या, मी मागं बसते. 'श्यामची आई'ला मिळालेल्या राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकानंतर अर्धशतकानं राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला मराठी चित्रपट, २००४ चा, संदीप सावंतांचा. कोकणातला आजोबा आणि डोळ्याच्या कर्करोगानं दृष्टी जाणार असलेला नातू. त्यात डॉक्टर अडून बसतो की ऑपरेशनच्या आधी पोराला खरं सांगितलंच पाहिजे. सिस्टरांनी एवढंच सांगितलं की संमतीच्या कागदावर सही घेताना त्या नेहमी पेनाचं टोपण स्वतः काढून पेन हातात द्यायच्या, कारण त्या क्षणाला नातेवाइकाला टोपण निघत नाही. अरुण नलावड्यांच्या आजोबाचे हात तसे आहेत का ते बघायला त्या पुढं सरकल्या होत्या. मग चहा न घेता गेल्या. आम्हीही त्या दिवशी लवकर दिवा लावला.

'फँड्री'बद्दल लिहायचं मी टाळणार होते, पण टाळलं तर हा लेख खोटा होईल. नागराज मंजुळे यांचा, २०१४ मध्ये थिएटरात आलेला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गावात डुकरं धरायचं काम ज्या घराच्या वाट्याला आलंय त्या घरातला जब्या, वर्गातल्या शालूवर जीव जडलेला. शेवटची पंधरा-वीस मिनिटं शाळेशेजारी डुकराचा पाठलाग चालतो. राष्ट्रगीत सुरू होतं तसे डुकरामागं धावणारे बाप-लेक जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. त्यावर माडीवर हशा पिकला. मीही हसले. पुढं जब्याचा बाप कचरू घसरतो, पडतो, किशोर कदमांनी तो थकवा इतका अंगात भिनवलाय, आणि गावातली पोरं कट्ट्यावर बसून ओरडताहेत, मोबाइलवर फोटो काढताहेत, हसताहेत. मी पुन्हा हसले. आणि मधेच, कुणी हात धरून थांबवल्यासारखी थांबले. कट्ट्यावरच्या माणसांचा आवाज आणि आमच्या माडीवरचा आवाज एकच होता. स्पीकरमधून कुठला येतोय आणि सतरंजीवरून कुठला, कळत नव्हतं. मग ते डुक्कर बांबूला बांधून आंबेडकर-फुल्यांची चित्रं काढलेल्या भिंतीसमोरून नेतात. मग जब्या दगड उचलतो आणि तो सरळ आमच्याकडं येतो. खिडकीतून वारा आला होता म्हणा, पण चादर त्या क्षणी हलली.

दिवा लागल्यावर आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "आता असं काही राहिलेलं नाही." कुणी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या संजयच्या मैत्रिणीनं फक्त विचारलं, "सर, आपल्या गल्लीत गटारात मांजर मेलं की कुणाला फोन करतात?" सर चप्पल घालून गेले. त्यानंतर आले नाहीत. रस्त्यात भेटतात, बोलतात, या शनिवारी काय आहे तेही विचारतात. त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही.

त्या मुलीचा प्रश्न चारच महिन्यांनी परत आमच्यासमोर आला, 'कोर्ट'च्या रात्री. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसहून दोन पारितोषिकं घेऊन आला. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार नागपूरचे, चळवळीतले, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले, आम्ही हा सिनेमा लावण्याच्या आधी वर्षभर.

ही रात्र भाऊसाहेबांची होणार हे ठरलेलं होतं, आणि झालीही. खटला सुरू झाल्यापासून ते हातानं खुणा करत होते. साक्षीदार बोलतो एक, न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात त्याचं कचेरीच्या भाषेतलं रूप, आणि कागदावर उरतं तेच खरं. "बरोबर! रोजनाम्यात रडणं येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढं ढकललं जातं तेव्हा ते हसले, पण ओशाळून. सरकारी वकील बाई लोकलमध्ये ऑलिव्ह तेलाच्या गप्पा मारत घरी जातात, पोराला घेतात, स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णींनी ती बाई इतकी ओळखीची केली आहे की तिचा राग करता येत नाही. भाऊसाहेब म्हणाले, "हीच अडचण असते. कोर्टात दुष्ट कुणीच नसतं. पाच वाजलेले असतात."

मग मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष. ती सांगते, नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, मगच उतरायचं.

इस्त्रीवाले दादा सिनेमा बघायला येत नाहीत. चादर बांधतात, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतात आणि संपल्यावर गुंडाळून नेतात. इतक्या महिन्यांत ते एक शब्दही सिनेमाबद्दल बोललेले नव्हते. पायरीवरून आवाज आला, "झुरळाचं खरं हाय."

सगळे वळले. संजयनं सिनेमा थांबवला, हे आमच्यात कधी होत नाही.

"थोरला भाऊ होता ड्रेनेजला. झुरळ बघायचा, आन् काडी पेटवायचा न्हाई. नवीन पोरं काडी पेटवतात." एवढं बोलून ते थांबले. 'होता' या शब्दाबद्दल कुणी विचारलं नाही. हातानं मैला साफ करायला माणूस लावू नये असा कायदा २०१३ मध्ये झालाय, हे भाऊसाहेबांना कलमासकट पाठ आहे. त्यांनी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दादाच म्हणाले, "लावा की पुढं." पुढचा सिनेमा, न्यायाधीशांच्या सहलीपर्यंत, मी बघितला असेन. आठवतो तो पायरीवरचा आवाज.

त्या रात्री चादर गुंडाळताना मी दादांना म्हटलं, एखादा सिनेमा तुम्ही सुचवा, तुमच्या पसंतीचा. ते म्हणाले, सिनेमाचं मला काय कळतंय. मी हट्ट धरला. विचार केल्यासारखे बांबूवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "इस्त्री दाखवलेला लावा. पण नीट. पिच्चरमधली बाई इस्त्री करायला लागली की तिचं ध्यान दुसरीकडंच. फोन वाजतोय, न्हाईतर गाणं. मग शर्ट जळतोय. दर वेळी शर्ट जळतोय. आमचा एक शर्ट जळला तर दिवसाची मजुरी जाती वहिनी. कुणी तरी न जाळता केली असंल की."

तेव्हापासून आम्ही शोधतोय. संजयनं वहीत यादी केली आहे. आत्तापर्यंत सापडलेल्या इस्त्र्या अकरा. त्यांतल्या नऊंत कापड जळतं, एकीत इस्त्री मारायला उचलली जाते. उरलेल्या एका जुन्या हिंदी चित्रपटात एक म्हातारा धोबी मागं, अंधुक, तीनेक सेकंद दिसतो. कॉलर आधी, मग बाह्या. तो तुकडा परवा दादांना बोलावून दाखवला. त्यांनी तो तीनदा मागं घ्यायला लावला.

"कोळसा कमी झालाय त्याचा," ते म्हणाले. "बघा की, दाब जास्त देतोय."